मानाची मरळ

देव अक्कल वाटायला निघाला तेव्हा तो देऊळघाटपर्यंत आला असावा, आणि पुढची एसटी चुकली म्हणून तिथूनच माघारी गेला असावा. आमचं गाव देऊळघाटच्या पुढं आहे. हे मी रागानं लिहितोय. राग जुना आहे, पण लोणच्यासारखा मुरला आहे, नासलेला नाही.

महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं लोटली होती. आमच्याकडं राज्य पोचलं ते आधी एसटीच्या रूपानं आणि मग हायब्रीड ज्वारीच्या रूपानं. एसटी थांबायची त्या निंबाखाली माझं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक चूल, दोन बाकडी आणि माझं तोंड. चहा बेताचाच असायचा, पण तोंडापायी गिऱ्हाईक बसून राहायचं. राजूरच्या घाटात बंद पडलेली गाडी माझ्या चहाच्या वाफेवर वर चढली, हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की फुकट चहाच्या आशेनं ड्रायव्हरही साक्ष द्यायचा. गावात माझी ओळख एकच होती, थापाड्या. मला तिचा अभिमान होता. बाकीच्यांना तर तेवढीही ओळख नव्हती.

हायब्रीडचं बियाणं आलं ते पेरण्या उरकल्यावर. सरपंचानं ते गरजेच्या दुप्पट मागवलं होतं, कारण सरकारी माल दुप्पट मागवला नाही तर आपला वट तो काय राहिला! सरपंच म्हणजे असा गडी, की त्याचं पोट सकाळी पंचायतीत शिरायचं आणि तो स्वतः दुपारच्या सुमारास पोचायचा. बियाणं गुलाबी होतं, जत्रेतल्या बत्ताशासारखं. पोत्यावर कवटी होती आणि खाली हाडांची फुली. शेतकी खात्याचे साहेब जीपमधून आले. खाली उतरले असते तर बुटाला चिखल लागला असता, म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून भाषण केलं. इंजिन चालूच होतं. "पाऱ्याचं औषध" एवढं आम्ही ऐकलं, बाकीचं इंजिननं ऐकलं. साहेब गेल्यावर कोणीतरी कवटीचं विचारलं.

"ते किडीचं डोस्कं हाय बे," सरपंच म्हणाला. "औषध लावलं का किडीचं असं होते. फोटो काढून छापला त्याहीनं."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाही गाढवाला वाटलं नाही की किडीला दात कुठून आले.

पेरणी तर झालेली. पोती सरपंचाच्या गोदामात पडून. मग गावच्या शहाण्यांनी बसून एक शोध लावला. औषध गुलाबी आहे, तेव्हा गुलाबी रंग गेला की औषध गेलं, मागं उरली ती खायची ज्वारी. उघडीप पाहून सगळं गाव टोपली घेऊन तळ्यावर धुवायला उतरलं. बायका धूत होत्या, पुरुष काठावर बसून कसं धुवावं ते सांगत होते. पाणी असं गुलाबी झालं की पलीकडच्या म्हशी बोहल्यावरच्या नवरीसारख्या लाजून बसल्या होत्या. म्हशींना लाज वाटली. गावाला नाही वाटली.

धुतलेली ज्वारी सरपंचाच्या बायकोनं आधी कोंबड्यांना टाकली. आमच्या साऱ्या गावात डोकं वापरणारी तेवढी एक बाई. कोंबड्या मान वाकडी करून गोल गोल फिरल्या आणि मेल्या. त्यावरून शहाण्यांनी दुसरा शोध लावला. कोंबडीला सोसत नाही, तर माशांना टाका. मासे तर जन्मापासून धुतलेलेच. झालं, ओली-सुकी सगळी पोती भर दुपारी तळ्यात रिकामी झाली. तळ्याचा ठेका सरपंचाच्या साळ्याकडं होता. फुकटचा चारा मिळाला म्हणून साळा मिशीला तूप लावून हिंडत होता.

त्या तळ्यात जाळं टाकायचा आमचा भोईमामा. मामा म्हणजे सगळ्या गावाचा मामा, म्हातारा, एकटा. ठेकेदार जे बाजारात नेत नाही ते मामाच्या चुलीवर, दोन्ही वेळा. संक्रांत झाली असेल नसेल, तो हॉटेलात येऊन बसला. मी उकळता चहा दिला. बाकीचे गिलास धोतराच्या सोग्यात धरून फुंकत होते. मामानं नुसत्या मुठीत धरला.

"भाचा, चहा थंडा देऊन राह्यला का बे?"

"मामा, आत्ताच उतरवला चुलीवरून. ठेवा खाली, हात भाजन."

"मले तर काईच लागून नाही राह्यलं." त्यानं बोटं पाहिली. लाल झाली होती. "ओठाले बी मुंग्या येतात. जाळ्याची गाठ हाताले समजत नाही आता. डोयानं पाहून मारा लागते."

मग एक दिवस तो रस्त्यानं चालता चालता उभ्या बैलगाडीच्या चाकाला धडकला. मी विचारलं तर म्हणाला, "समोरचं दिसते. बाजूचं गायब. बांबूच्या पोंगळीतून पाह्यल्यावाणी."

बाकड्यावरची मंडळी खो खो हसली. "बुढा झोकून राह्यला!" ज्या माणसानं जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, त्याला हे कोण म्हणत होते, तर ज्यांना रोज संध्याकाळी त्यांच्या बायका खांद्याला धरून घरी नेत ते.

गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडं एकच औषध होतं, तेही गुलाबीच. ताप, खरूज, सासूचा जाच, सगळ्याला तेच. त्यानं मामाचं तोंड हुंगलं आणि म्हणाला, "दारू."

"वास कुठी येते, डॉक्टरसायेब?"

"येत नाही ना? म्हणजे भारीची घेतो."

मी हॉटेल बंद केलं आणि मामाला एसटीत घालून बुलडाण्याला नेलं. मी काही संत नव्हे. माझं भय दुसरंच होतं. माझी बायको गर्भार होती. पहिलं मूल आमच्या हाताला लागलंच नव्हतं, पोटातच गेलं होतं. आणि आमच्या गावात एक रीत होती. चैत्रात तळं आटायला लागलं की जाळ्यात येणारी पहिली थोरली मरळ गावातल्या गर्भार बाईची. मरळ ताकदीची, रक्त वाढवणारी, म्हणून ती घागरीत जिवंत ठेवायची, सरपंचानं ती घागर डोक्यावर घ्यायची, पुढं डफडं वाजवत तिच्या दारी जायचं, तिथंच शिजवायची आणि साऱ्या गावासमोर तिला पोटभर खाऊ घालायची. माझ्या वेळी आईनं ती खाल्ली होती, आणि मी कसा निपजलो ते तुम्ही वाचताच आहात. आमच्या पहिल्या मुलाच्या वर्षी तळं कोरडं पडलं, मरळ मिळाली नाही. म्हणून मूल गेलं, असं आईच्या मनानं घेतलं होतं. यंदा मान आमच्या घरी येणार होता आणि आई महिनाभर आधीच मसाला कांडून बसली होती.

बुलडाण्याचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी मामाला सदऱ्याची गुंडी लावायला सांगितली. मामाची बोटं गुंडीवरून घसरत राहिली. सरळ रेषेत चालायला सांगितलं. मामा झुलत झुलत भिंतीला गेला. "काय खाता?" म्हणाले. मामा म्हणाला, "मासे." तेव्हा मी कवटीपासून म्हशींपर्यंत सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मीठ-मसाला न लावता सांगितली, तर तीच सगळ्यात जास्त थापेसारखी वाटत होती.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बाहेरदेशी असं झाल्याचं मी वाचलंय. लहान माशांच्या अंगात थोडा थोडा पारा जातो. त्यांना मोठा मासा खातो, सगळ्यांचा पारा त्याच्यात साठतो. मरळ तर मासेच खाऊन वाढते. धुऊन तो जात नाही, शिजवून जात नाही. आणि घरात कोणी गर्भार असेल तर तिला त्या तळ्याचा तुकडाही देऊ नका. आईपेक्षा पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका जास्त."

मी म्हणालो, "सायेब, एवढं कागदावर लिहून द्या. गावाले दाखवतो."

त्यांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. "लिहिलं की सिद्ध करावं लागेल. तपासायचं यंत्र इथं नाही. वरून विचारतील. तुम्हीच सांगा ना गावाला, तुमचं ऐकतील."

वा रे डॉक्टर! मामाला फी न घेता तपासलं, खरं निदान केलं आणि खरं सांगायचं काम कोणाच्या गळ्यात बांधलं, तर अख्ख्या जिल्ह्यात माझ्या!

मी सांगितलं. हॉटेलात सांगितलं, पारावर सांगितलं, पंचायतीत जाऊन सांगितलं. लोक पोट धरून हसले. "माशाच्या पोटात थर्मामीटर!" म्हणाले. "वाफेवरच्या एसटीपेक्षा ही भारी हाय बे, पुन्हा एकडाव सांग." सरपंच तेवढा हसला नाही. "गावाची बदनामी करशीन तर हॉटेलची जागा पंचायतीची हाय, ध्यानात ठेव पोट्ट्या," म्हणाला.

आईनं तर कानावर हातच ठेवले. "मानाले नाट लावून नको राहू. एक लेकरू गेलं, तेवढं पुरे नाही झालं का तुले?"

बायको भाकरी थापत होती. "तुमचं खरं असन बी," म्हणाली. "पण तुमी खरं बोलता तवा बी तुमचं तोंड थापेवाणीच दिसते. मी काय करू?"

"खाऊ नको, बस."

"साऱ्या गावादेखत ताट ढकलू? आन उद्या काही झालं, तर? तुमची माय जलमभर मलेच म्हणन का मरळ लाथाडली म्हणून झालं. तुमाले कोणी काही नाही म्हणणार. तुमी थापाडेच."

तिचं खरं होतं. पण हॉटेलवाल्याला एक फायदा असतो, एसटीच्या टपावरून काय उतरतं ते सगळं त्याला दिसतं. मलकापूरच्या गाडीतून दर आठवड्याला एक ओली थैली यायची, भुसा नि बर्फ घातलेली, आणि ती सरपंचाच्या घरी जायची. पूर्णा नदीची मासळी. गावात तळं, तळ्याचा ठेका साळ्याकडं, आणि सरपंचाच्या ताटात मासा मलकापूरचा! कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, कोंबड्या मेल्या तेव्हापासून सुरू आहे. म्हणजे बायकोनं घरात तळ्याची मासळी बंद करवली होती आणि या पोटल्यानं ते गावाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पोती कोणी ओतली तेही बोलावं लागलं असतं.

हे मी पारावर ओरडून सांगू शकलो असतो. पण माझ्या तोंडून निघालं की थाप झालं. तेव्हा मी ठरवलं, खरं बोलून चुकलो, आता आपल्या धंद्याला लागावं.

चैत्रात मरळ निघाली. अशी मरळ मी पाहिली नव्हती. घागरीत मावेना, म्हणून शेपूट सरपंचाच्या फेट्यावर आपटत होतं आणि प्रत्येक फटक्याला डफडं आपोआप वाजत होतं. मिरवणूक आमच्या दारी आली. शेतकी साहेबांची जीपही आली, या खेपेला साहेब उतरलेसुद्धा, अंगणात सारवलेलं होतं ना. मामानं मासा कापला. राखेत घोळून खवलं काढताना त्याचा सुरा दोनदा स्वतःच्या बोटाला लागला आणि त्याला ते रक्त पाहिल्यावर कळलं. आईनं रस्सा केला. वास असा सुटला की मेलेला उठून भाकर मागेल. बायकोला पाटावर बसवलं, ओटी भरली, ताट पुढं आलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रश्श्याच्या तिखटाचं नव्हतं.

मी उभा राहिलो. "भाऊ," सरपंचाला म्हणालो, "जुनी रीत विसरले का काय? मान देणाऱ्यानं पह्यला घास खावा लागते. तुमच्या आज्यानं खाल्ला होता, मंग गर्भार बाईनं. नाई तर मान लागत नाही."

अशी रीत कधीच नव्हती. मी ती उभा राहता राहता घडवली होती, अजून ओलीच होती. पण आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना एखादी जुनी गोष्ट आठवत नाही, असं कबूल करण्यापेक्षा मरण बरं वाटतं. सगळ्यांत थोरला म्हातारा लगेच काठी आपटत म्हणाला, "हाव हाव! माह्या डोयानं पाह्यलं. आज्यानं मुंडकं खाल्लं होतं."

"मुंडकं नाही बे, शेपूट!" दुसरा खवळला.

"तू तवा पाळण्यात होता! मुंडकं!"

न झालेल्या गोष्टीवरून दोघं हातघाईवर आले. तेवढ्यात मी मुंडकं आणि शेपूट दोन्ही वाढून सरपंचापुढं ठेवलं.

सरपंचाच्या चेहऱ्याचा रंग त्या बियाण्यासारखा धुऊन गेला. "माहा आज गुरुवार हाय," तो म्हणाला.

"भाऊ, आज बुधवार."

"मंग बुधवार हाय."

"मंग सायबाले द्या," मी म्हणालो. "सरकारचा मान मोठा." साहेबांना त्याच क्षणी जिल्ह्याची मीटिंग आठवली. पोत्यावरची कवटी त्यांना तरी वाचता येत असावी. जीप उडाली ती धूळ खाली बसेपर्यंत बुलडाण्याला पोचलीही असेल.

आता गाव सरपंचाकडं पाहत होतं. "खा ना भाऊ! गावाच्या लेकराचा मान हाय!" साळासुद्धा ओरडत होता, त्याला बिचाऱ्याला बहिणीनं काही सांगितलंच नव्हतं. सरपंचाची अशी गोची झाली होती की खाल्लं तर जीव जातो आणि नाही खाल्लं तर वट जातो. शेवटी वट जिंकला. आमच्याकडं नेहमी तोच जिंकतो. त्यानं मुंडकं उचललं, तोंडाजवळ नेलं.

"नका खाऊ!"

बायांच्या घोळक्यातून सरपंचाची बायको धावत आली आणि तिनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. डोक्यावरचा पदर पडला, तिला भान नव्हतं. "त्या तळ्यातलं नका खाऊ, पाया पडतो तुमच्या!"

डफडं थांबलं. दोन्ही म्हातारे मुंडकं-शेपूट विसरले. आई ताटाजवळ बसली होती. ती उठली, सरपंचाच्या बायकोपुढं जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "तुह्या नवऱ्याले नको. मंग माह्या सुनेले काऊन, बाई?"

सरपंचाची बायको खाली पाहून रडायला लागली.

आईनं सुनेच्या पुढचं ताट उचललं, चुलीवरचं पातेलं उचललं आणि परसात गेली. मी कुदळ घेऊन मागं गेलो. खड्डा केला, सगळं पुरलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून आईनं वर पाटा ठेवला. तिचा स्वतःचा, माहेराहून आणलेला. तिनं मला शाबासकी वगैरे काही दिली नाही. "आज्यानं मुंडकं खाल्लं होतं म्हणे," एवढं म्हणाली आणि हात धुवायला गेली.

गाव सुधारलं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही. सरपंच दुसऱ्या दिवशी सांगत होता की त्याला नवस होता. साळ्यानं तळ्यातला मासा गावात विकणं बंद केलं आणि लांबच्या बाजारांना पाठवला, तिथं कोणाची सून गर्भार होती ते त्याला विचारायची गरज पडली नाही. मी त्या बाजारांत जाऊन ओरडलो. तिथंही हसले. तिथं तर मी थापाड्या म्हणून ओळखीचासुद्धा नव्हतो. आणि मी बनवलेली रीत मात्र गावात पक्की झाली. मरळ आता मलकापूरहून येते, पण अजूनही मान देणारा पहिला घास खातो, आणि मुंडकं की शेपूट यावरून भांडणं होतात.

आम्हाला मुलगी झाली. धट्टीकट्टी, माझ्यासारखी तोंडाळ. पाळण्यातून ओरडली की देऊळघाटच्या लोकांना एसटी आल्यासारखं वाटायचं.

मामाची बोटं मात्र परत आली नाहीत. जाळं सुटलं. तो दिवसभर माझ्या बाकड्यावर बसायचा, चहाचा गिलास दोन्ही तळव्यांत धरून. मी त्याला थोडा निववून द्यायचो. मुलगी रांगायला लागली तशी एकदा तिनं बाकड्याला धरून उभं राहत त्याचं बोट मुठीत आवळलं आणि दात फुटत होते म्हणून करकचून चावली. मामा ताठ समोर पाहत होता. त्याच्या पोंगळीत ती नव्हतीच. मी ओरडलो तेव्हा त्यानं मान वळवून खाली पाहिलं, आणि मग मोठ्यानं म्हणाला, "अरे बापा! लागलं बे! लागलं, भाचा! लय लागलं!"

मुलगी खिदळली. मामाही हसला. मी थापाड्या माणूस, दुसऱ्याची थाप मला लगेच कळते. मी चहा गाळत राहिलो.